मेरियन १९५० : बेन होगनची यूएस ओपन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॉल्फच्या जुन्या गोष्टी निघाल्या की लोक फिरून फिरून याच स्पर्धेवर येतात. बहुतेकांनी एक फोटो पाहिलेला असतो आणि प्रश्न तिथूनच सुरू होतात. सारखे विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्यांनी आयुष्यात गॉल्फची काठी हातात धरलेली नाही त्यांनी आधी प्रश्न २ वाचावा. मुरलेल्यांनी थेट ८ वर उडी मारली तरी चालेल.

१. ही नेमकी कुठली स्पर्धा?

यूएस ओपन ही अमेरिकेची राष्ट्रीय खुली गॉल्फ स्पर्धा. यूएसजीए ही संघटना ती भरवते आणि तिच्यात व्यावसायिक आणि हौशी असे दोघेही उतरू शकतात. पहिली स्पर्धा १८९५ मध्ये झाली. दोन महायुद्धांमुळे सहा वर्षं खंड पडला, त्यामुळे १९५० ची स्पर्धा बरोबर पन्नासावी ठरली. ती ८ ते ११ जून या काळात पेनसिल्व्हेनियातल्या आर्डमोर इथे, मेरियन गॉल्फ क्लबच्या ईस्ट कोर्सवर खेळली गेली. आर्डमोर म्हणजे फिलाडेल्फियाचं उपनगर. याच कोर्सवर १९३० मध्ये बॉबी जोन्सने अमेरिकेची हौशी स्पर्धा जिंकून त्या वर्षीच्या चारही मोठ्या स्पर्धा खिशात घातल्या होत्या, म्हणजे मेरियनला मान होगनच्या आधीपासून होताच.

विजेता बेन होगन. वय ३७, गाव टेक्सासमधलं फोर्ट वर्थ.

२. मला गॉल्फ कळत नाही. स्कोअर वाचायचा कसा?

ज्याचे फटके कमी, तो पुढे. प्रत्येक होलला चांगल्या खेळाडूला किती फटके लागावेत ते ठरलेलं असतं, तो ‘पार’. एक फटका जास्त लागला तर बोगी, एक कमी लागला तर बर्डी. मेरियनचा पार ७० होता, म्हणजे १८ होलच्या चार फेऱ्यांचा हिशेब २८०. होगनने २८७ घेतले, पारपेक्षा सात जास्त, आणि तरी तो अव्वल ठरला. कोर्स किती कठीण मांडला होता ते यावरून समजा.

उरलेले काही शब्द: होलची सुरुवात होते ती जागा टी. टीपासून ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा फेअरवे. खड्डा असतो ते बारीक कापलेलं गवत ग्रीन. ग्रीनवर चेंडू घरंगळवत मारलेला फटका म्हणजे पट. टीवरून मारलेला पहिला लांब फटका ड्राइव्ह. खेळायची काठी म्हणजे क्लब: लांब फटक्याची जाड डोक्याची ती वुड, पातळ धातूच्या पात्याची ती आयर्न, आणि आयर्नचा आकडा जितका लहान तितका फटका लांब. खेळाडूची क्लबची पिशवी वाहतो तो कॅडी. बरोबरी झाल्यावर विजेता ठरवायला खेळतात तो प्लेऑफ.

३. होगनचा अपघात खरंच इतका मोठा होता, की नंतर गोष्ट फुगवली गेली?

या गोष्टीतलं बरंच काही फुगवलेलं आहे (प्रश्न ७ पाहा), पण अपघात नाही. २ फेब्रुवारी १९४९ च्या सकाळी, धुक्यात, टेक्सासमधल्या व्हॅन हॉर्नजवळ ट्रकला ओव्हरटेक करणारी ग्रेहाउंड बस होगनच्या कॅडिलॅकवर समोरासमोर आदळली. पत्नी व्हॅलरी शेजारी बसली होती. तिला वाचवायला होगनने तिच्या अंगावर झेप घेतली. त्याच क्षणी स्टिअरिंगचा दांडा ड्रायव्हरच्या सीटमध्ये घुसला. जागा सोडली म्हणून तो वाचला.

ओटीपोटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं, शिवाय गळ्याचं हाड, डावा घोटा आणि एक बरगडी. पुढे एल पासोच्या हॉस्पिटलमध्ये रक्ताच्या गुठळ्या होऊ लागल्या. तेव्हा न्यू ऑर्लीन्सहून डॉ. आल्टन ऑक्सनर यांना लष्करी विमानाने आणलं गेलं आणि त्यांनी पायांकडून हृदयाकडे रक्त नेणारी मुख्य शीर बांधून टाकली. जीव वाचला, पण पायांतलं रक्ताभिसरण कायमचं बिघडलं. जवळजवळ दोन महिन्यांनी तो घरी आला. त्यानंतर जन्मभर जास्त चाललं की पाय सुजायचे आणि दुखायचे. या स्पर्धेची सगळी गोष्ट त्या शिरेभोवती फिरते.

४. मेरियन ही त्याची अपघातानंतरची पहिलीच स्पर्धा होती का?

नाही, हा गैरसमज फार जुना आहे. तो परतला जानेवारी १९५० मध्ये, लॉस एंजेलिस ओपनला. तिथे सॅम स्नीडशी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो हरला. एप्रिलमध्ये ऑगस्टाला मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत त्याने संयुक्त चौथा क्रमांक मिळवला. त्याचा हात शाबूत आहे, हे जूनपर्यंत सगळ्यांना कळून चुकलं होतं. शंका पायांबद्दल होती, आणि त्यामागचं कारण पुढच्या प्रश्नात आहे.

५. शनिवारी एकाच दिवसात ३६ होल? असं का?

कारण तेव्हा रिवाजच तसा होता. गुरुवारी १८, शुक्रवारी १८ आणि शनिवारी सकाळ-दुपार मिळून ३६. ज्याच्या अंगात दिवसभर टिकायची ताकद आहे तोच राष्ट्रीय विजेता, असा त्यामागचा विचार. १९६४ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या काँग्रेशनल क्लबवर भयानक उकाड्यात केन व्हेंचुरी कोसळता कोसळता जिंकला आणि पुढच्या वर्षीपासून यूएसजीएने स्पर्धा चार दिवसांवर पसरली.

मेरियन ६,६९४ यार्डांचा, म्हणजे सहा किलोमीटरहून थोडा जास्त. एका ग्रीनवरून पुढच्या टीपर्यंतचं चालणं वेगळं, आणि शनिवारी हे सगळं दोनदा. होगन सकाळी लवकर उठून गरम पाण्यात एप्सम सॉल्ट टाकून पाय बुडवून बसायचा, मग घोट्यापासून मांडीपर्यंत इलॅस्टिकच्या पट्ट्या गुंडाळायचा आणि मगच कोर्सवर यायचा. संध्याकाळी पट्ट्या सोडल्या की पुन्हा गरम पाणी. चार फेऱ्या चार दिवसांत असत्या तर त्याने ही स्पर्धा प्लेऑफशिवाय जिंकली असती, असं माझं मत. अर्थात सिद्ध कोण करणार?

६. पहिल्या दिवशी ६४ मारणारा तो कोण, आणि पुढे त्याचं काय झालं?

ली मॅकी, बर्मिंगहॅम, अलाबामाचा. व्यावसायिक खरा, पण तेव्हा हाताला नोकरी नव्हती. गुरुवारी त्याने ६४ ची फेरी खेळली. यूएस ओपनच्या इतिहासात तोवर इतकी कमी फेरी कोणी खेळलं नव्हतं. शुक्रवारी तोच माणूस, तोच कोर्स, स्कोअर ८१. शेवटी २९७ वर तो संयुक्त पंचविसावा आला. त्याचं ६४ मात्र टिकलं. १९७३ मध्ये ओकमाँटला जॉनी मिलरने ६३ मारेपर्यंत त्याच्या खाली कोणी गेलं नाही.

७. शनिवारी दुपारी नेमकं काय झालं? कॅडीने त्याला सुनावलं ती गोष्ट खरी का?

शनिवारी सकाळच्या फेरीनंतर लॉइड मँग्रम २११ वर पुढे, डच हॅरिसन २१२ वर, होगन २१३ वर. होगनबरोबर त्या दिवशी खेळत होता आदल्या वर्षीचा विजेता केरी मिडलकॉफ, तोही २१३ वरच. दुपारी कोर्सने एकेकाला खाल्लं. मँग्रम ७६, हॅरिसन ७६, मिडलकॉफ ७९. पुढच्या एका गटातून जॉर्ज फॅझिओ ७० मारून २८७ वर शांतपणे येऊन बसला होता. नंतर मँग्रमही तिथेच येऊन थांबला.

होगन सावकाश पण चोख खेळत आघाडीवर आला. बाराव्या टीवर ड्राइव्ह मारताना पाय आखडले, तोल गेला आणि शेजारच्या ओळखीच्या माणसाला धरून तो कसाबसा उभा राहिला. त्या होलला बोगी. वाकणं इतकं अवघड झालं होतं की खड्ड्यातून चेंडू काढून द्यायला कॅडी पुढे व्हायचा. पंधराव्यावर अडीच फुटांचा पट हुकला, पुन्हा बोगी. सतराव्यावर, पार-३ होलला, आणखी एक. हातातली आघाडी सगळी गेली. आता अठराव्यावर पार काढला तरच बरोबरी.

कॅडीची गोष्ट अशी सांगतात: तेराव्या होलनंतर होगन म्हणाला, माझं संपलं, परत जाऊ या. तेव्हा कॅडीने उत्तर दिलं की मी मैदान सोडणाऱ्यांसाठी काम करत नाही, पुढच्या टीवर भेटू. ऐकायला छान आहे, पण ती नंतरच्या सांगण्यांतून वाढत गेलेली गोष्ट आहे. घटना म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नका.

८. तो प्रसिद्ध फोटो जिंकणाऱ्या फटक्याचाच ना?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर: नाही. तो फटका बरोबरीसाठीचा होता. जिंकायला दुसऱ्या दिवशी आणखी १८ होल खेळावे लागले (प्रश्न ११).

अठरावा होल ४५८ यार्डांचा पार-४. ड्राइव्हनंतर दोनशे यार्डांहून जास्त अंतर उरलं होतं. मोठा वुड घेऊन बर्डीच्या मागे लागायचं, की लांब आयर्न मारून पार पक्का करायचा? होगनने आयर्न घेतली. चेंडू ग्रीनवर, खड्ड्यापासून साधारण चाळीस फुटांवर थांबला. पहिला पट खड्ड्याच्या पुढे सुमारे चार फूट गेला. दुसऱ्याला त्याने फारसा वेळच घेतला नाही, जाऊन मारला. आत. ७४, एकूण २८७, तिघांची बरोबरी.

फोटो हाय पेस्किन यांचा, लाइफ मासिकासाठी काढलेला. होगन पाठमोरा आहे. डोक्यावर पांढरी चपटी टोपी, क्लब डाव्या खांद्यामागे, सगळा भार डाव्या पायावर. उजवा पाय नुसत्या चवड्यावर टेकलाय आणि बुटाच्या तळाचे खिळे आपल्याकडे. दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती आणि समोर दूर ग्रीन. दुखरे पाय, ३६ वा होल, आणि तरी फॉलो-थ्रू, म्हणजे फटका मारून झाल्यावरचा झोका, इतका तोललेला. गॉल्फ न कळणारा माणूसही या फोटोपुढे थबकतो. पण याच फोटोने स्पर्धा गिळली, हेही खरं. लोकांना शनिवारचा एक फटका आठवतो आणि रविवारची ६९ ची फेरी कोणाच्या खिजगणतीत नसते. ती फेरी जास्त मोठी होती. आदल्या दिवशी जो माणूस धड वाकू शकत नव्हता, तो दुसऱ्या दिवशी पारच्या खाली खेळला.

९. त्याने वापरला तो वन आयर्न की टू आयर्न?

अठराव्याच्या फेअरवेवर ती जागा दाखवणारी पाटी आहे, तिच्यावर वन आयर्न लिहिलंय. गोंधळ खुद्द होगनमुळे झाला. १९५७ मध्ये आलेल्या त्याच्या गॉल्फ शिकवणाऱ्या पुस्तकात त्याने टू आयर्न असं लिहिलं. पुढे वन आयर्न असं सांगितलं. क्लबच सापडल्यावर (प्रश्न १०) पारडं वन आयर्नकडे झुकलं आणि आज तेच धरलं जातं.

१०. तो क्लब चोरीला गेला होता म्हणे? आणि पिशवीत सेव्हन आयर्न का नव्हती?

हो. शनिवारच्या त्या फेरीनंतर वन आयर्न पिशवीतून गायब झाली, बुटांसकट. तीसेक वर्षं पत्ता नव्हता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या क्लबच्या संग्राहकांकडे एक वन आयर्न आली. तिच्या पात्यावर ऐन मध्यभागी नाण्याएवढा गोल झिजलेला होता, बाकी पातं जवळजवळ कोरं. इतकं एकाच जागी मारणारा कोण असणार? क्लब होगनकडे पाठवला, त्याने ओळखला आणि तो यूएसजीएच्या संग्रहालयात गेला.

सेव्हन आयर्नचं कारण साधं. १९३८ पासून पिशवीत १४ च क्लब ठेवता येतात. वन आयर्न आत घ्यायची तर काहीतरी बाहेर काढावं लागणार. मेरियनवर सेव्हन आयर्नचा एकही फटका नाही, असं होगनचं म्हणणं. सरावात प्रत्येक होलचा हिशेब मांडून तो या निष्कर्षाला आला होता. तो कोर्सवर उतरायचा तो असा, गृहपाठ करून.

११. प्लेऑफ कसा झाला? किड्याची भानगड काय आहे?

रविवारी तिघे १८ होल खेळले. फॅझिओ हळूहळू मागे पडला आणि सामना होगन विरुद्ध मँग्रम असा उरला. पंधरा होल झाले तेव्हा होगन एका फटक्याने पुढे.

सोळाव्या ग्रीनवर मँग्रम पारसाठी पट मारायला उभा राहिला. चेंडूवर एक किडा येऊन बसला. मँग्रमने चेंडू उचलला, फुंकर मारून किडा उडवला, चेंडू परत ठेवला आणि पट आत घातला. त्याच्या हिशेबी पार झाला होता. सतराव्या टीवर यूएसजीएचे आयझॅक ग्रेंजर पुढे आले आणि त्यांनी सांगितलं: दोन फटक्यांचा दंड. तेव्हाच्या नियमानुसार ग्रीनवरचा चेंडू वाटेल तेव्हा उचलता येत नसे, साफ करणं तर दूरच. चारचे सहा झाले आणि एका फटक्याचं अंतर तीनवर गेलं.

मँग्रमने आकांडतांडव केलं नाही. दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढताना दोनदा जखमी झालेला तो माणूस, त्याने आधी चिडून विचारणा केली आणि मग उद्याही जेवायला मिळेलच, अशा अर्थाचं काहीसं बोलून विषय सोडून दिला. मग सतराव्यावर होगनने सुमारे पन्नास फुटांवरून बर्डीचा पट घातला आणि उरलीसुरली चुरस संपवली. होगन ६९, मँग्रम ७३, फॅझिओ ७५.

१२. दंड झाला नसता तर मँग्रम जिंकला असता का?

नुसती वजाबाकी केली तर नाही. ७३ मधून २ काढले तरी ७१, आणि होगनचे ६९. पण गॉल्फ वजाबाकीने खेळत नाहीत. सतराव्या टीवर मँग्रम फक्त एकाने मागे असता, तर दोघांनीही तो पार-३ वेगळ्या डोक्याने खेळला असता. तीनची आघाडी हातात असताना पन्नास फुटांचा पट सैल हाताने मारता येतो. तेव्हा दंडामुळे होगनला स्पर्धा आयती मिळाली, हे म्हणणं चूक आणि दंडाने काहीच फरक पडला नाही, हेही चूक.

१३. आज असं केलं तर दंड होतो का?

नाही, मात्र उचलण्याआधी चेंडूची जागा मार्क केलेली हवी. १९६० च्या नियमांपासून ग्रीनवर चेंडू मार्क करून उचलायला आणि पुसायला मोकळीक आहे. मार्क न करता उचलला तर आजही एका फटक्याचा दंड बसतो. टीव्हीवर खेळाडू प्रत्येक पटआधी चेंडू पुसतात, ते मँग्रमला पाहायला मिळालं असतं तर त्याने कपाळावर हात मारला असता.

१४. बक्षीस किती मिळालं?

पहिल्या क्रमांकाला ४,००० डॉलर. तेव्हाच्या व्यावसायिकांची कमाई बक्षिसांपेक्षा क्लबमधली नोकरी, प्रदर्शनी सामने आणि सामान बनवणाऱ्या कंपन्यांचे करार यांवर जास्त अवलंबून असे.

१५. स्नीडने त्या वर्षी ११ स्पर्धा जिंकल्या, तरी वर्षातला सर्वोत्तम खेळाडू होगन कसा?

यावर अजून वाद होतात आणि स्नीडच्या बाजूने बोलणाऱ्यांचं चुकत नाही. सातत्याने मोजलं तर १९५० हे वर्ष स्नीडचंच. पण मत देणाऱ्यांसमोर मेरियन होतं. स्नीडला यूएस ओपन आयुष्यात एकदाही मिळाली नाही, आणि होगनने ती चारदा जिंकली: १९४८, १९५०, १९५१ आणि १९५३. म्हणजे चारांपैकी तीन अपघातानंतर.

१६. मेरियनवर नंतर यूएस ओपन झाली का? तिथे जाऊन खेळता येतं का?

झाली. १९७१ मध्ये ली ट्रेव्हिनोने प्लेऑफमध्ये जॅक निकलॉसला हरवलं, १९८१ मध्ये डेव्हिड ग्रॅहम आणि २०१३ मध्ये जस्टिन रोज जिंकला. २०३० ची स्पर्धाही तिथेच जाहीर झाली आहे. क्लब खासगी आहे, सदस्याचं बोट धरल्याशिवाय आत खेळता येत नाही. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनिया पट्ट्यातल्या मराठी वाचकांनी स्पर्धेच्या वर्षी प्रेक्षक म्हणून तिकीट काढावं, हा सोपा मार्ग. अठराव्यावरची ती पाटी तेव्हा जवळून पाहून घ्या.

१७. प्लेऑफमध्येही बरोबरी झाली असती तर?

उदाहरण ताजं होतं आणि गंमत म्हणजे त्यातही मँग्रमच होता. १९४६ मध्ये क्लीव्हलंडजवळच्या कँटरबरी क्लबवर मँग्रम, बायरन नेल्सन आणि व्हिक गेझी यांची बरोबरी झाली. १८ होलचा प्लेऑफ झाला, तिघांचेही ७२. मग त्याच दिवशी आणखी १८ होल. मँग्रम ७२, बाकी दोघे ७३. मँग्रमने जिंकलेली ही एकच मोठी स्पर्धा. आणि त्या वर्षी नेल्सनला नडला होता दंडाचा एक फटका: तिसऱ्या फेरीत कॅडीच्या पायाचा धक्का लागून चेंडू हलला होता. एक दंड मँग्रमच्या पथ्यावर पडला, चार वर्षांनी दुसरा त्याच्याच अंगावर आला.

१८ होलचा प्लेऑफ यूएस ओपनमध्ये फार उशिरापर्यंत टिकला. शेवटचा २००८ मध्ये टॉरी पाइन्सला झाला, टायगर वुड्स विरुद्ध रॉको मीडिएट. २०१८ पासून तो दोन होलच्या एकूण फटक्यांवर आला आहे.